दिल्लीच्या पाखरांची लगीनसराई

दिल्लीला जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, इंडिया गेट, एखादी संध्याकाळ चांदनी चौकात, आणि जमलेच तर पहाटे निघून मथुरा-आग्रा. चार दिवस पाय दुखेपर्यंत भटकंती होते, फोटो निघतात, खरेदी होते आणि मंडळी परतीच्या गाडीत बसतात. याच शहरात आणि त्याच्या आसपास दरवर्षी फेब्रुवारीपासून थेट ऑक्टोबरपर्यंत एक मोठी लगीनसराई चालू असते, याचा मात्र बहुतेकांना पत्ताही लागत नाही. तिला मुहूर्त नाही, मंडप नाही की आमंत्रणपत्रिका नाही. जुन्या कबरींच्या बागांत, यमुनेच्या काठी, गुरुग्रामच्या तळ्यावर आणि ग्रेटर नोएडाच्या भातखाचरांत पाखरे नटतात, नाचतात, गातात, घरे बांधून दाखवतात आणि संसार थाटतात.

या सोहळ्यातली एक गोष्ट पाहुण्याला चटकन जाणवते. आपल्याकडे बघण्याच्या कार्यक्रमात मुलगी नटूनथटून पोह्यांच्या बश्या घेऊन येते आणि मुलाकडची मंडळी तिला न्याहाळतात. पाखरांच्या जगात बहुतेक ठिकाणी याच्या नेमके उलट घडते. दागदागिने घालून, कला दाखवत समोर येतो तो नर. साध्या, मळकट रंगाची मादी शांतपणे पाहते, दोन-चार ठिकाणी फिरते आणि मनाला आले तरच होकार देते. तिच्या नापसंतीवर अपील नाही!

वसंतातले पहिले वऱ्हाड

थंडी ओसरू लागली की दिल्लीत काटेसावर फुलते. पाने झडलेल्या फांद्यांवर लालभडक, मांसल फुले उमलतात आणि त्यांतल्या मधावर पाखरांची झुंबड उडते. त्यांतच असतो आपला अंगठ्याएवढा शिंजीर, म्हणजे जांभळा सूर्यपक्षी. हिवाळाभर हा नर ओळखू येत नाही. मादीसारखाच फिका, पिवळसर. फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ. पण वीण जवळ आली की त्याची पिसे बदलतात. अंगावर जांभळी-निळी धातूसारखी झळाळी चढते. मादी जवळ आली की तो पंख थरथरवतो, शेपटी पसरतो, आणि एरवी पंखाखाली लपवून ठेवलेले पिवळ्या-नारिंगी पिसांचे दोन झुबके छातीच्या बाजूंना फुलवून दाखवतो. खास प्रसंगासाठी पेटीत जपून ठेवलेला दागिना काढावा तसा हा प्रकार.

शहराबाहेर, शेतांवरून गेलेल्या तारांवर याच सुमारास नीलकंठ दिसतो. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तोच हा पक्षी. तारेवर मान आखडून बसलेला असताना तो अगदी सामान्य दिसतो. वीण सुरू होण्याच्या दिवसांत मात्र तो उंच आकाशात चढतो आणि कर्कश ओरडत, या कुशीवरून त्या कुशीवर डोलत खाली झेपावतो. तेव्हा त्याच्या पंखांतले गडद आणि फिके निळे पट्टे उन्हात असे काही चमकतात की रस्त्याने जाणाऱ्याची मान आपोआप वर वळते.

लोदी बागेतले घरजावई

एप्रिलमध्ये ऊन तापू लागले की पहाटे लोदी बागेत जावे. सय्यद आणि लोदी सुलतानांच्या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या घुमटांभोवती ही बाग 1936 साली आखली गेली. सकाळी फिरायला येणाऱ्यांची तिथे मोठी वर्दळ असते. त्या गर्दीची पर्वा न करता इथल्या वडा-पिंपळांवर राखी धनेशाच्या जोड्या उडत असतात. घारीएवढा राखाडी पक्षी, लांब शेपटी, वाकडी मोठी चोच आणि चोचीवर शिंगासारखा एक उंचवटा. नराचा हा उंचवटा मादीपेक्षा मोठा असतो.

धनेशाची मागणी घालण्याची रीत मोठी गृहस्थी आहे. नाच नाही, पिसारा नाही. नर चोचीत पिकलेले उंबर किंवा पिंपळाचे फळ धरून येतो आणि ते मादीला भरवतो. हा केवळ लाडाचा देखावा नाही. पुढे मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट उरते. आत अंडी घालता घालता तिची उडण्याची पिसेही झडतात. म्हणजे त्या काळात ती उडूच शकत नाही. तिचे आणि पिल्लांचे पोट पूर्णपणे नराच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. लग्नाआधी भरवलेले फळ ही त्या पुढच्या कष्टांची चाचणीच म्हणायची. जो आता फळ आणतो तो पुढेही आणील, एवढा हिशेब मादी करत असावी.

पण ढोली काही रोपट्याला नसते. त्यासाठी जुने, जाडजूड झाड लागते. नवी दिल्ली वसवताना शंभर वर्षांपूर्वी रस्त्यांच्या कडेला कडुनिंब, जांभूळ, अर्जुन अशी झाडे ओळीने लावली गेली. त्यांतल्या म्हाताऱ्या झाडांनी आज धनेशांना घर दिले आहे.

पिसाऱ्याचे राजकारण

मे-जूनच्या काहिलीत दिल्लीत फिरणे म्हणजे शिक्षा. पण मोर पाहायचा तर हाच काळ. लोकांना वाटते मोर पावसासाठी नाचतो. खरे म्हणजे तो लांडोरीसाठी नाचतो. त्याची वीण उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यात येते, म्हणून ढगांचे आणि नाचाचे नाते आपण जोडून टाकले. मोराचे अश्रू पिऊन लांडोर गाभण राहते ही उत्तरेत अनेकांच्या तोंडी असलेली समजूतही निव्वळ कल्पना आहे. मोर आणि लांडोर यांचे मीलन इतर पाखरांसारखेच होते.

1963 साली राष्ट्रीय पक्षी म्हणून मान मिळालेला मोर राजधानीत पाहायला जंगलात जावे लागत नाही. कुतुबमिनार पाहून झाला की शेजारीच संजय वन आहे. पृथ्वीराजाच्या काळाची आठवण देणाऱ्या लाल कोटाच्या पडक्या भिंती तिथे झाडीत दडल्या आहेत. त्या भिंतींवर भल्या पहाटे मोरांचे केकारव घुमतात. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे आवार, जहांपनाह वन, दक्षिणेकडचे असोला भाटी अभयारण्य, सगळीकडे मोर आहेत. लाल किल्ल्यातले शाहजहानचे मयूरासन 1739 साली नादिरशहाने लुटून नेले. झाडीतले हे जिवंत मयूर मात्र दिल्लीत अजून आपापली आसने राखून आहेत.

आसन हा शब्द इथे अगदी चपखल बसतो. वीण सुरू झाली की प्रत्येक मोर एक मोकळी जागा धरतो. शेजारच्या मोकळ्या जागेत दुसरा, थोड्या अंतरावर तिसरा. लांडोरी एकेकाच्या अंगणात जाऊन येतात. मोर पिसारा उभारतो, सावकाश गिरकी घेतो. लांडोर जवळ आली की पिसारा थरथरू लागतो आणि त्यातून सरीसारखा सळसळाट उठतो. लांडोर बऱ्याचदा दाणे टिपत राहते, जणू काही घडतच नाही. मग निघून शेजारच्याकडे जाते.

ज्याला आपण मोराचे शेपूट म्हणतो ते शेपूट नव्हेच. खरे शेपूट वीसेक आखूड पिसांचे असते आणि ते मागे लपलेले राहते. त्याच्या वरची पाठीलगतची पिसे वाढून हा दीड मीटरचा पिसारा होतो. त्यात दीडशे ते दोनशे पिसे असतात आणि बहुतेकांच्या टोकाला डोळा. खरे शेपूट या साऱ्या डोलाऱ्याला मागून टेकू देते आणि सेकंदाला सुमारे पंचवीस वेळा थरथरून तो सळसळाट निर्माण करते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की एवढ्या थरथराटातही पिसांवरचे डोळे जवळजवळ स्थिर भासतात. मागची पिसे हलत राहतात आणि डोळे जणू हवेत तरंगतात. लांडोरीची नजर खिळवायला आणखी काय हवे?

रंगाची गंमत आणखी वेगळी. पिसात निळा वा हिरवा रंग मुळात नसतोच. आत असते ते तपकिरी रंगद्रव्य. त्याचे अतिसूक्ष्म कण अशा शिस्तीने रचलेले असतात की प्रकाश त्यांवर पडून निळा, हिरवा, सोनेरी होऊन परततो. पैठणीच्या पदरावर मोर विणणारा कारागीर वेगवेगळ्या रंगांचे रेशीम वापरतो. निसर्ग मात्र एकाच तपकिरी धाग्यातून सगळे रंग काढतो.

डार्विनला छळणारे पीस

हे सगळे कशासाठी, हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता. जगायला जे उपयोगी पडते ते टिकते, हा त्याचा सिद्धान्त 1859 साली प्रसिद्ध झाला. मग मोराच्या पिसाऱ्याचे काय? त्याने पळता येत नाही, लपता येत नाही, तो वाढवायला अन्न खर्च होते. 1860 साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात डार्विनने कबूल केले की मोराच्या पिसाकडे पाहिले की आपल्याला मळमळते! पुढे 1871 च्या ग्रंथात त्याने उत्तर मांडले. जगण्याच्या स्पर्धेबरोबर आणखी एक स्पर्धा असते, जोडीदार मिळवण्याची. माद्या जे पसंत करतात ते पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते.

मादीला एवढी जाण असते, ही कल्पना त्या काळच्या अनेक विद्वानांना पटली नाही. पाखरांच्या मादीने निवड करावी हे त्यांना फारच धाडसाचे वाटले. जवळजवळ शंभर वर्षे हा विचार बाजूला पडून होता. 1975 साली इस्रायलचे शास्त्रज्ञ अमोट्झ झहावी यांनी त्याला नवी जोड दिली. त्यांचे म्हणणे असे, की दागिना महाग असतो म्हणूनच तो विश्वासाचा. एवढे ओझे घेऊनही जो जिवंत आहे, तो नक्कीच धडधाकट. खोट्याला हा खर्च परवडणार नाही.

इंग्लंडमध्ये मॅरियन पेट्री यांनी 1991 साली दाखवले की ज्या मोरांच्या पिसाऱ्यावर डोळे अधिक त्यांना लांडोरी अधिक मिळाल्या. 1994 मध्ये त्यांनी असेही नोंदवले की अशा मोरांची पिल्ले अधिक चांगली वाढली आणि जगली. पण 2008 मध्ये जपानमधल्या सात वर्षांच्या अभ्यासाने डोळ्यांच्या संख्येचा आणि पसंतीचा असा संबंध आढळला नसल्याचे सांगितले. तेव्हा लांडोर नेमके काय पाहते, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. आपल्याकडेही मुलीला अमुक स्थळ का आवडले याचे कारण घरच्यांना नेहमी कुठे कळते?

पसंती झाल्यावर मोराची जबाबदारी मात्र संपते. जमिनीवर झुडपाआड खळगा करून अंडी घालणे, चार आठवडे उबवणे, पिल्ले सांभाळणे हे सारे लांडोर एकटी करते. पावसाळा सरता सरता मोराचा पिसारा गळून पडतो. दिल्लीच्या पदपथांवर विकायला येणारी मोरपिसे अशी गळलेलीच असावीत अशी कायद्याची अपेक्षा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोराला मारणे हा गुन्हा आहे.

घर बांधा, मग बोला

पावसाच्या पहिल्या सरी आल्या की दिल्लीच्या वेशीवरच्या बाभळींवर आणि शिंदीच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत उभी राहते. बहिणाबाई चौधरींमुळे हा पक्षी आणि त्याचा खोपा मराठी घराघरांत पोहोचला. कवितेत तो खोपा पिल्लांसाठी कष्टणाऱ्या आईचा आहे. रानात मात्र खोपा विणतो तो बाप, आणि तोही बाप होण्याच्या आधी.

एरवी चिमणीसारखा दिसणारा हा नर विणीच्या दिवसांत पिवळाधमक होतो. गवताच्या पात्या चिरून, शेकडो फेऱ्या मारून तो खोपा अर्धा विणतो आणि थांबतो. मग पंख फडफडवत खालून लटकून माद्यांना साद घालतो. मादी येते, आत डोकावते, चोचीने ओढून पाहते. पसंत पडला तर नर खोप्याला लांब नळीसारखे दार विणून काम पुरे करतो. नाही पडला तर तो अर्धवट खोपा तसाच लोंबकळत राहतो.

या पक्ष्याचे हे गुपित उलगडले ते महाराष्ट्रात. 1930 साली अलिबागजवळच्या किहीम गावी सलीम अली राहत होते. घराजवळच्या सुगरणींवर नजर ठेवून त्यांनी रोजच्या रोज नोंदी केल्या. त्यातून असे दिसले की एक मादी अंड्यांवर बसली की नर लगेच दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. पुढच्या अभ्यासांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मादी विणकाम पाहते, पण त्याहून बारकाईने जागा पाहते. फांदी उंच आहे का, झाड काटेरी आहे का, साप सहज पोहोचणार नाही ना? नवरा किती छान विणतो यापेक्षा घर कुठे आहे, हे तिच्या लेखी मोठे.

जिथे ती नटते, तो पाळणा हलवतो

गुरुग्रामपासून पंधराएक किलोमीटरवर, फरुखनगरच्या रस्त्याला सुलतानपूर राष्ट्रीय उद्यान आहे. जेमतेम दीड चौरस किलोमीटरची ही जागा. पीटर जॅक्सन या इंग्रज पत्रकार-पक्षिनिरीक्षकाने 1970 च्या सुमारास पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्र लिहून या तळ्याकडे लक्ष वेधले. इंदिराजींना स्वतःला पक्ष्यांची आवड होती. लवकरच तळ्याला अभयारण्याचे संरक्षण मिळाले आणि पुढे ते राष्ट्रीय उद्यान झाले. 2021 साली त्याचा समावेश रामसर करारातल्या जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाला.

इथल्या आणि ओखल्याच्या पाण्यावर कमळपक्षी दिसतो. लांबलचक बोटे पसरून तो तरंगत्या पानांवरून जमिनीवर चालावे तसा चालतो. विणीच्या दिवसांत त्याचे तोंड पांढरे, मान मागून सोनेरी आणि मागे बाकदार, लांब, काळी शेपटी. इथे सगळा रिवाज उलटा आहे. नर-मादी दोघेही सारखेच नटतात, पण मादी आकाराने मोठी. ती इतर माद्यांशी भांडून आपला इलाखा राखते आणि एकाच मोसमात अनेक नरांशी संसार मांडते. पानांवर चार चकचकीत तपकिरी अंडी घालून ती पुढच्या नराकडे जाते. अंडी उबवणे, पाणी चढले तर ती सरकवणे, पिल्लांना पंखाखाली घेणे हे सारे नराकडे.

रंगीत पाणलाव्याचेही तसेच. त्यात तर मादीच अधिक रंगीत आणि नर मळकट. नटण्याचा संबंध नर असण्याशी नाही, हे या दोन पाखरांकडे पाहून कळते. अंड्या-पिल्लांचा भार ज्याच्यावर पडतो तो चोखंदळ होतो, आणि दुसऱ्याला त्याची मनधरणी करावी लागते.

दोघांचा नाच

आणि जिथे भार दोघांवर सारखा, तिथे दोघेही नाचतात. हे पाहायला यमुनेपलीकडे, ग्रेटर नोएडाच्या दनकौरजवळ धनौरीला जावे. शेतांच्या मधोमध पसरलेली ही पाणथळ सारस पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. मोठा नर मान ताठ करून उभा राहिला तर माणसाच्या उंचीला पोहोचतो. राखाडी अंग, लाल डोके आणि संथ, राजेशाही चाल. नर-मादीत रंगाचा काहीच फरक नाही. नर थोडा मोठा, एवढेच.

सारसाची जोडी समोरासमोर येते, पंख पसरते, वाकते, उड्या मारते, गवताच्या काड्या उचलून हवेत फेकते. मग दोघे शेजारी उभे राहून माना आकाशाकडे करतात आणि तुतारीसारखी जुगलबंदी सुरू होते. नराच्या एका हाकेला मादी दोन-तीन हाकांनी उत्तर देते. हे गाणे लग्नापुरते नसते. जोडी वर्षानुवर्षे टिकते आणि तितकी वर्षे हे गाणेही. बादशहा जहांगीरने पाळलेल्या सारसांच्या जोडीचे नाव लैला-मजनू ठेवले होते आणि त्यांच्या मीलनाची, अंड्यांची, पिल्लांची बारकाईने केलेली नोंद त्याच्या आत्मचरित्रात सापडते. वाल्मीकींना ज्याच्या वधाने शोक झाला तो क्रौंच म्हणजे सारसच, असेही काही अभ्यासकांचे मत आहे.

सारस पाण्यात गवताचा मोठा ढीग रचून त्यावर बहुधा दोन अंडी घालतात. भाताची पाणी भरलेली खाचरे त्यांना चालतात, मात्र शेतकऱ्याने थोडे पीक वाया गेलेले सोसले पाहिजे. उत्तर प्रदेशाचा हा राज्यपक्षी तिथेच देशात सर्वाधिक संख्येने आहे. महाराष्ट्रात तो गोंदिया-भंडाऱ्याकडे मोजकाच उरला आहे.

बिनतिकिटाचे पाहुणे

लगीनसराईचा शेवटचा मोठा सोहळा दिल्लीच्या अगदी मध्यावर होतो. पुराण्या किल्ल्याशेजारचे राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय 1959 साली सुरू झाले, आणि दुसऱ्याच वर्षापासून तिथल्या तळ्यांच्या बेटांवर रानातले चित्रबलाक येऊन घरटी करू लागले. त्यांना कोणी आणले नाही, कोणी पिंजऱ्यात ठेवले नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते येतात, विलायती बाभळींच्या शेंड्यांवर काटक्यांची गर्दी करतात आणि हिवाळ्यात पिल्ले मोठी करून निघून जातात. दिल्ली विद्यापीठाचे डॉ. अब्दुल जमील उर्फी यांनी या वसाहतीचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे.

विणीच्या दिवसांत चित्रबलाकाच्या तोंडाची कातडी लालसर-केशरी होते आणि शेपटीजवळची गुलाबी पिसे, लुगड्याचा काठ डोकवावा तशी उठून दिसतात. नर जागा धरतो, मादी येते, माना वाकवल्या जातात, चोची वाजवल्या जातात. मग तो काड्या आणतो आणि ती रचते. मुलांना घेऊन गेलेल्या पालकांनी वाघ-सिंहांकडे धावण्याआधी या तळ्याकाठी अर्धा तास थांबावे. पिंजऱ्याबाहेरचे जनावर तिथे पिंजऱ्यातल्यापेक्षा अधिक शिकवून जाते.

दागिना आहे, अंगण नाही

पाखरांचे सौंदर्य त्यांच्या जिवावरही बेतले आहे. विणीच्या काळात बगळ्यांच्या पाठीवर जाळीदार, तलम पिसे येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर ही पिसे खोचण्याची फॅशन आली आणि ती सोन्याच्या मोलाने विकू लागली. पिसे मिळवायची तर ऐन विणीत बगळे मारायचे, म्हणजे घरट्यातली पिल्लेही गेली. 1902 साली हिंदुस्थानातून पिसांची निर्यात बंद करण्यात आली. 1921 मध्ये ब्रिटनने आयातीला मनाई केली. फॅशनही पालटली आणि बगळे वाचले. आज दिल्लीच्या शेतांत म्हशींमागे फिरणारे, डोके-मान केशरी झालेले गायबगळे बिनधास्त नांदतात.

आजचे संकट वेगळे आहे. दागिना कोणी ओरबाडत नाही, पण तो घालून मिरवायचे अंगण नाहीसे होत आहे. धनेशाला ढोलीचे म्हातारे झाड हवे, सुगरणीला पाण्यावर झुकलेली बाभूळ, कमळपक्ष्याला तरंगती पाने, सारसाला उथळ पाणी, मोराला झुडपांतली मोकळी जागा. एकेकाळी नजफगडची झील पावसाळ्यात मैलोन्‌मैल पसरत असे. नाले खोदून तिचे पाणी यमुनेत काढून दिले गेले. गुरुग्रामच्या वेशीवरची बसईची पाणथळ बांधकामांच्या रेट्यात आक्रसत गेली. धनौरीच्या चहूबाजूंनी नवे रस्ते आणि वसाहती येत आहेत. दक्षिण दिल्लीच्या झाडीत लांडोरीच्या जमिनीवरच्या अंड्यांना भटक्या कुत्र्यांचा धोका आहे.

मादी नराइतकीच, कधी नराहूनही अधिक, जागा पारखते, हे सुगरणीने दाखवले. जागाच नसेल तर कितीही सुंदर पिसारा, कितीही सुबक खोपा फुकट. पिसारा मोर स्वतः वाढवतो. अंगण मात्र माणसाने सोडले तरच त्याला मिळते. माणसाने ते सोडले की पाखरे परत येतात, याचाही दाखला दिल्लीतच आहे. वजिराबादजवळ यमुनेच्या ओसाड पूरमैदानावर 2002 पासून तळी खोदून, देशी झाडे लावून यमुना जैवविविधता उद्यान उभे राहिले आणि पाखरांनी ते आपले मानले. प्राणिसंग्रहालयातल्या चित्रबलाकांनाही कोणी बोलावले नव्हते. पाणी, झाड आणि थोडी शांतता दिसली, ते आले.

जायचे तर असे

शिंजीर आणि नीलकंठ पाहायला फेब्रुवारी-मार्च, धनेशासाठी एप्रिल-मे, मोर, सुगरण आणि सारसासाठी जून ते ऑगस्ट आणि चित्रबलाकांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ चांगला. लोदी बाग आणि संजय वन शहरातच आहेत. ओखला पक्षी अभयारण्याला त्याच नावाचे मेट्रो स्थानक आहे. सुलतानपूर आणि धनौरीसाठी मोटार ठरवावी. सुलतानपूरचे उद्यान मंगळवारी, तसेच विणीच्या काळात काही महिने बंद असते, म्हणून आधी चौकशी करून निघावे. प्राणिसंग्रहालय शुक्रवारी बंद असते.

पहाटे लवकर जावे. भडक कपडे घालू नयेत, घरट्याजवळ जाऊ नये, फोटोसाठी पाखरांना उडवू नये. धनौरीची जमीन शेतकऱ्यांची आहे, तेव्हा बांधावरूनच पाहावे आणि खाचरात उतरू नये. एक दुर्बीण आणि पाण्याची बाटली एवढे सामान पुरते. मुलांना एकच काम द्यावे: कोण नटले आहे आणि कोण निवडते आहे, हे ओळखून काढायचे. उत्तर दर ठिकाणी सारखे येणार नाही, आणि घरी परतताना गाडीत त्यावर चांगली चर्चा रंगेल.